एका पाकिटात दोन फिलोमिना

तो फोन तुमचा चालू हाय ना आता, बाय? माझा आवाज त्याच्यात जातोय ना? मग आधी सांगा, हे ऐकनार कोन. नाय, रागावू नका, मी आपलं विचारून घेते, आधी विचारत नव्हती म्हनून तर एवढं सगळं झालं. लिहिनार म्हनता, लिहा. पन माझा नंबर लिहू नका, पॅन कार्डाचं तर नावच काढू नका, आनि लिहून झालं की मला वाचून दाखवा. मला येतं वाचायला, सातवी पास हाय मी, पन तुम्ही वाचाल तेव्हा मला तुमच्या तोंडाकडं बघता येईल. माझ्या घरवाल्याला, जुजेला विचारा, तो म्हनतो ही बाई स्वर्गाच्या दारात पन सेंट पीटरची चावी उलटीपालटी करून बघेल. बघीन. का नाय बघायची?

तर मी पाचूबंदरची. जन्म इथला, लग्न इथलंच, ह्या गल्लीतून उठून त्या गल्लीत गेली एवढाच काय तो माझा प्रवास. माझ्या आजीचं नाव फिलोमिना. आमच्यात पैली मुलगी झाली की तिला बापाच्या आईचं नाव द्यायचं, हे ठरलेलं, त्याच्यात कोनाला विचारायचं काय नसतं. आता आजीला दोन मुलगे, माझा बाप आनि माझा काका. बापाला पैली मी झाली, फिलोमिना. पाच महिन्यांनी काकाला पैली मुलगी झाली, ती पन फिलोमिना. एका घरात दोन फिलोमिना, आनि तिसरी आजी पाटावर बसलेली, कोनी फिलू म्हनून हाक मारली की तिघी ओ द्यायच्या. म्हनून मग मी मोठी फिलू आनि ती बारकी फिलू. आता पंचावन्नच्या पुढं गेलो तरी मोठी नि बारकीच.

लहानपनी काय, गंमत वाटायची. शाळेत मास्तर फिलोमिना एक, फिलोमिना दोन म्हनायचे. एकदा शाळेत सुई टोचायला डॉक्टर आले, बारकीनं माझी पन सुई घेतली आनि स्वतःची पन घेतली, का तर नाव पुकारलं म्हनून. हात सुजला, तीन दिवस रडत होती, आनि मी तिला बोरं देत होती कारन माझी सुई चुकली होती ना. पैल्या कम्युनियनला दोघींना एकाच ताग्यातले झगे. बहिनीपेक्षा जास्त हो आम्ही, सख्ख्या बहिनी भांडतात तरी, आम्ही भांडत नव्हतो. मग लग्नं झाली. गावात अर्ध्या लोकांचं आडनाव कोळी, तिचं पन कोळी झालं, माझं पन कोळी झालं. माझा नवरा जुजे, तिचा जाकू. म्हंजे कागदावर कुठं अक्षर काढून लिहिलं तर ती पन फिलोमिना जे. कोळी आनि मी पन फिलोमिना जे. कोळी. ह्याच्यावर आम्ही हसायचो. हसायचो, काय सांगू तुम्हाला.

धंदा दोघींचा एकच. बोटी लागल्या की बंदरावर लिलाव, तिथं बोली लावायची, पाटी घ्यायची, बाया मिळून टेम्पो करायचा आनि जायचं. मी बोळिंजला जाते, तिथं सगळ्या मोठ्या मोठ्या बिल्डिंगी, कामाला मुंबईला जानारी मानसं, कोकनातली, घाटावरची, त्यांना मासे ओळखता येतात पन साफ करायला वेळ नसतो. बारकी गासच्या बाजूला जाते. आता लिलावाचं एक सांगते, ते नीट लिहा. आमच्यात सकाळी पैसे कोनी देत नाय. दुमिंग लिलाव करतो, बोली लागली की तो वहीत नाव लिहितो, आम्ही पाटी उचलतो, आनि संध्याकाळी विकून आलं की त्याच्या हातात पैसे. सही नाय, अंगठा नाय. माझं नाव फिलू मो., तिचं फिलू बा. बस. दुमिंगच्या वहीत नाव हाय तोपर्यंत बाईच्या घरात चूल हाय. ते नाव त्यानं एकदा काढलं तर सकाळी सकाळी रोख पैसे कुठून आननार?

आता फोनाचं ऐका. मागल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मला फोन यायला लागले. सकाळी साडेसहाला, म्हंजे ऐन लिलावाच्या वेळेला. माझे हात माशाच्या पान्यात, फोन खांद्यानं कानाला दाबलेला. पलीकडून मानूस, मॅडम, फिलोमिना कोळी बोल रहे हो? लोन का पैसा कब भरोगे? मी म्हनाली कसलं लोन, मी काय लोन-बिन काढलं नाय. तो म्हनाला सब ऐसाच बोलते है. मी म्हनाली तुझ्या आयशीनं काढलं असेल, तिला विचार, आनि ठेवला फोन. मला वाटलं हे ते फसवाफसवीचे फोन, टीव्हीवर दाखवतात ते. पन दुसऱ्या दिवशी परत, नंबर वेगळा. मग बाईचा आवाज, मग परत बाप्याचा, दिवसाला आठ-दहा. एकदा मी कंटाळून सांगितलं, फिलोमिना मेली. तर तो मानूस काय म्हनाला म्हायत हाय? म्हनाला, मग वारसाचा नंबर द्या. मेलेल्या मानसाला पन सोडत नाय हो.

मग शेजारच्या लुसीला फोन. तुमच्या शेजारनीला सांगा पैसे भर म्हनून. मग माझ्या मुलीच्या सासऱ्यांना, पार उमेळ्याला. त्यांचे नंबर ह्यांना कुठून मिळाले ते देवाला ठाऊक. व्याही पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर नुसतं म्हनाले, विहीनबाय, काय अडचन असली तर सांगा हां. काय लाज वाटली मला! तोंड कुठं लपवू असं झालं. मी म्हनाली काय अडचन नाय, कोनीतरी नालायक मानूस चावटपना करतोय. ते हो हो म्हनाले, पन ते हो हो कसलं असतं ते आपल्याला कळतं ना.

त्यातच आमच्या बोटीचं इंजिन बसलं. जुनंच होतं, दोन वर्षं जुजे त्याला मलमपट्टी करून चालवत होता, पन मेकॅनिक म्हनाला आता पुरे, आता नवीन बसवा. पावसाळ्यात इंजिनाच्या बोटी किनाऱ्यावरच असतात, लिलावाला खाडीतल्या बारक्या होड्यांचेच मासे, तेवढ्यात इंजिन आलं तर नवा सीझन मिळेल, नायतर बोट वाळूत आनि जुजे दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. साठीला आलेला मानूस, स्वतःची बोट असलेला, त्यानं दुसऱ्याच्या पोराच्या हाताखाली जाळं ओढायचं? तो म्हनायचा जाईन, त्यात काय, पन रात्री जेवताना भात चिवडत बसायचा. म्हनून मी बँकेत गेली. तीस वर्षांचं खातं माझं तिथं. साहेबानं कागद घेतले, कॉम्प्युटरात काय काय टाकलं, आनि आवाज बारीक करून म्हनाला, मावशी, तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज थकलेलं दिसतंय, असं असताना आम्हाला कर्ज देता येत नाय. मी म्हनाली खोटं हाय. तो म्हनाला खोटं असेल, पन इथं दिसतंय.

घरी आली आनि विचार करायला लागली. फोन खरे होते तर. मग माझ्या नावानं काढलं कोनी? माझं नाव कोनाचं हाय? बाय, एकदा डोक्यात हे आलं ना, की मग सगळं जुळत गेलं. दोन-अडीच वर्षांमागं वादळात बारकीचे पत्रे उडाले होते, आनि महिन्याभरात नवे पत्रे आले. कुठून आले? मी विचारलं होतं तेव्हा, ती म्हनाली केलं कसंतरी. कसंतरी म्हंजे काय? माझ्याशी का लपवलं? मी रात्रंदिवस तेच. जुजे म्हनाला अगं जाऊन विचार तिला, घर पाच मिंटावर हाय. पन मी विचारायला गेली नाय. विचारलं तर ती खोटं बोलेल, आनि खोटं बोलली की मला कळेल, असं माझं. संशय घ्यायला सोपा वाटला मला, विचारायला लाज वाटली.

आनि मग तो मानूस आला. लिलाव भरलेला, सकाळच्या पैल्या होड्या लागलेल्या, पन्नास-साठ बाया तरी असतील. कपाळावर गॉगल, हातात कागद. मोठ्यानं विचारतो, इथं फिलोमिना कोळी कोन हाय? आम्ही दोघी चार हातांवर उभ्या. दोघींनी माना वळवल्या. त्यानं मग सगळ्यांसमोर वाचायलाच घेतलं, एवढं कर्ज, एवढे हप्ते थकले, एवढं व्याज, मासे घ्यायला पैसे हाय आनि आमचे द्यायला नाय काय. माझ्या डोक्यात काय गेलं म्हायत नाय. मी बारकीकडं बोट केलं आनि ओरडली, ही! ही चोर! हिनं माझ्या नावानं कर्ज काढलं, हिच्या घरावरचे पत्रे बघा, माझ्या नावाचे पत्रे हाय ते! माझा आवाज कसा हाय तुम्ही ऐकताय, जेटीच्या टोकाला जाळी शिवनारे बाप्ये उठून उभे राहिले.

बारकी म्हनाली, मोठे, मी सगळं फेडलंय. एवढंच. मी म्हनाली बघा, कबूल केलं, कर्ज काढलं होतं म्हनून कबूल केलं! तो कागदवाला पन गोंधळला, कोनाकडं बघायचं त्याला कळेना. बारकीनं पाटी घेतली, रिकामीच, आनि गेली घरी. दुसऱ्या दिवशी ती बोलीला उभी राहिली तर दुमिंग तिला म्हनाला, बाय, जरा रोख असलं तर बरं. बारक्या फिलूला! तीस वर्षांत जिचा एक दिवस बाकी राहिला नाय तिला. मी तिथंच होती. आनि खरं सांगू? मला तेव्हा बरं वाटलं. देवासमोर सांगितलंय हे मी, आता तुम्हाला पन सांगते.

ह्याच्या पुढची बाई म्हंजे सावंतबाई. बोळिंजला माझं जुनं गिऱ्हाईक, बँकेतून रिटायर झालेल्या, मूळच्या मालवनकडच्या, बांगडा बोटानं दाबून घेनाऱ्या. एक दिवस त्यांच्या दारात पापलेट कापताना माझा फोन वाजला, मी कट केला, परत वाजला, परत कट. त्या म्हनाल्या काय गं, कोन एवढं छळतंय? आनि मी तिथंच रडायला लागली, हात तसेच खवल्यांनी भरलेले. सगळं सांगितलं. त्या म्हनाल्या, सकाळी आठच्या आधी आनि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीचा फोन करायचाच नाय असा नियम हाय. शेजारनीला, व्याह्याला, लिलावात उभं राहून कोनाचं कर्ज सांगायचं नाय. शिव्या नाय, धमक्या नाय. कर्ज खरं असलं तरी नाय, आनि हे तर तुझं हाय की नाय तेच म्हायत नाय. मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. असा नियम हाय तर मग त्याला म्हायत कसा नाय? त्या म्हनाल्या, त्याला म्हायत हाय गं, तुला म्हायत नाय ह्याच्यावर त्याचं पोट चालतं.

त्या म्हनाल्या, तुझ्या नावावर काय काय कर्ज लागलंय त्याचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मागता येतो, आपन मागवू. फुकट म्हटलं की माझे कान उभे राहतात. फुकट कोन कोनाचं करतं? मी मनात म्हटलं, ही बाई माझ्याकडून आता पापलेट अर्ध्या किमतीला मागनार. पुढच्या वेळी मुद्दाम दहा रुपये जास्त सांगितले, बघू काय करते. त्यांनी नेहमीसारखी घासाघीस केली आनि नेहमीचाच भाव दिला. तेव्हा जरा पटलं. पन मग त्या म्हनाल्या तुझ्या मोबाईलवर ओटीपी येईल. झालं! ओटीपी कोनाला सांगायचा नाय म्हनून दिवसभर टीव्हीवर बोंबलतात, आनि ही मला ओटीपी म्हनते. मी उठलीच. तर त्या हसल्या, म्हनाल्या मला सांगू नकोस बाई, तू स्वतः टाक, मी तिकडं बघते. आनि खरंच भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी पन त्यांच्याकडं पाठ करून आकडे टाकले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा उघडलं.

त्या रिपोर्टात माझं नाव, माझा पॅन नंबर, पत्ता पाचूबंदर, घर नंबर काय नाय, आमच्याकडं असतो कुठं घर नंबर. आनि जन्मतारखा दोन. सावंतबाई म्हनाल्या, ह्यातली तुझी कुठली? मी पैली सांगितली. मग ही दुसरी कोनाची? मी बघितलं, पाच महिन्यांनी पुढची. बारकीची. मी म्हनाली, बघा, सापडली! त्या म्हनाल्या, थांब. पॅन तुझा, जन्मतारीख तिची. तिला चोरीच करायची असती तर स्वतःची जन्मतारीख कशाला दिली असती? तुमचे दोघींचे कागद एकत्र कोनाकडं असतात?

आता हे ऐका. आमची मच्छीमारांची सोसायटी हाय, डिझेलची सवलत, सरकारी योजना, सगळे कागद तिकडं द्यायचे, झेरॉक्स तिथंच राहतात. मी त्याच दिवशी टेम्पो सोडून सोसायटीत गेली. कारकुनाला म्हनाली माझे कागद दाखव. त्यानं कपाटातून एक पिवळं पाकीट काढलं, वर पेनानं लिहिलेलं, फिलोमिना जे. कोळी. उघडलं. माझं आधार, तिचं आधार, माझं पॅन, तिचं पॅन. एकाच पाकिटात. मी म्हनाली अरे ह्या दोन बाया हाय. तो म्हनाला, हो काय? मला वाटलं एकीचेच जादा झेरॉक्स. मग मी विचारलं, वादळानंतर फायनान्सवाले आले होते काय इथं? म्हनाला हो, कर्जाचे फॉर्म भरून घेत होते, बाया फक्त सही करत होत्या, झेरॉक्स मीच देत होतो. तेवढंच. एका मानसाचा हात पाकिटात गेला, तिचं आधार बाहेर आलं आनि माझं पॅन. पॅन माझं म्हनून सगळी नोंद माझ्या नावावर, फोन नंबर सोसायटीच्या यादीतला, तो पन माझाच.

मी तिथल्या बाकड्यावर बसली. चोर कोन नव्हतंच. आनि मी तिला चोर म्हटलं होतं, साठ बायांसमोर.

पन भानगड संपली नव्हती. सावंतबाईंनी तक्रार लिहून दिली, रिपोर्टवाल्यांकडं एक, फायनान्स कंपनीकडं एक. कंपनीचं उत्तर आलं, की कर्ज फेडलं असेल तर हप्त्यांच्या पावत्या दाखवा, आमच्याकडं शेवटचे दोन हप्ते जमा नाय. त्यांचं इथलं ऑफिस मध्येच बंद पडून दुसरीकडं गेलं होतं, रोख हप्ते घेनारा मानूस पन गेला होता. म्हंजे पावत्या पायजे. त्या कोनाकडं? बारकीकडं. सीझन तोंडावर, इंजिनवाला दुकानदार म्हनतो आठ दिवस थांबतो, मग दुसऱ्याला देईन. आनि जुजेनं तर खलाशी म्हनून जायचं, दुसऱ्या बोटीच्या तांडेलाशी, बोट चालवनाऱ्याशी, बोलून पन ठेवलं होतं, मला न सांगता.

गेली तिच्या दारात. ती कोलंबी सोलत होती. मी सगळं सांगितलं, पाकीट, झेरॉक्स, जन्मतारीख. ती ऐकत होती, हात थांबला नाय तिचा. मी म्हनाली चुकली मी, बारके. ती म्हनाली, मला फोन येत होते ते तुला म्हायत हाय? तो मानूस आला त्याच्यानंतर मला पन फोन सुरू झाले. मला पन वाटलं, मी तर फेडलं, मग मोठीनंच काय काढलंय की काय माझ्या कागदावर. महिनाभर वाटलं. पन मी ते ह्या चार भिंतींच्या बाहेर बोलली नाय. मी म्हनाली हो, आनि हळूच पावत्यांचं विचारलं. ती म्हनाली पावत्या हाय, सगळ्या हाय, देवघराच्या मागं बिस्किटाच्या डब्यात हाय. देते. पन इथं नाय देत. तू मला चोर घरात म्हटलं नव्हतंस. लिलावात म्हटलंस, तर लिलावात येऊन सांग.

बाय, मी घरी आली आनि जुजेवर ओरडली, मुलीवर फोनवर ओरडली, मांजरावर ओरडली. मला राग आला होता हो. मी म्हटलं पावत्या लपवून ठेवते, माझ्या इंजिनावर बसलीय, मुद्दाम करते. परत तोच संशय! जुजे म्हनाला, तिची पाटी दोन महिने रोखीवर चाललीय, फिलू. कर्जानं घेते ती सकाळचे पैसे, म्हायत हाय तुला? शंभराला पाच रुपये रोजचे. तुझ्या एका शब्दाचे.

दुसऱ्या दिवशी गेली. पाट्या मांडलेल्या, दुमिंग ओरडतोय, बाया बोली लावतायत. मी मध्ये जाऊन उभी राहिली आनि म्हनाली, ऐका, फिलू चोर नाय. तिनं कर्ज काढलं ते स्वतःच्या नावानं काढलं आनि सगळं फेडलं, कागद सोसायटीत मिसळले, मी चुकली. बारकी खाली बसून बोंबील निवडत होती. तिनं वर पन बघितलं नाय. म्हनाली, आवाज नाय आला, मोठे. त्या दिवशी तर जेटीच्या टोकाला ऐकू गेला होता.

मेली बया! मला हसू की रडू कळेना. सगळ्या बाया माझ्याकडं बघतायत. मी घेतला श्वास आनि ओरडली, बारकी फिलू चोर नाय! खोटं मी बोलली! मी, मोठी फिलू, मी खोटं बोलली! जाळीवाले बाप्ये परत उभे राहिले. तेव्हा कुठं तिनं मान वर केली. म्हनाली, आता आला. मग माझ्या डोळ्याला पानी लागलं ते थांबेना, आनि ती म्हनते, रडू नको, बोंबलाला आधीच पानी लय सुटलंय.

त्याच दुपारी डबा घेऊन आली. अठरा पावत्या, एकीला एक पिन लावलेल्या. शेवटच्या दोन पन. म्हनाली मोजून घे, तुझा भरवसा नाय. मी मोजल्या. तिच्यासमोर मोजल्या, दोनदा. सावंतबाईंनी पाठवल्या कंपनीकडं, आनि त्या लिलावात ओरडनाऱ्या मानसाची वेगळी तक्रार लिहिली, तारीख, वार, कोन कोन उभं होतं सगळं, आनि खाली लिहिलं की उत्तर नाय आलं तर बँका-फायनान्सच्या तक्रारी बघनाऱ्या लोकपालाकडं जाऊ. लोकपालाकडं पन फुकट असतं म्हनतात. मी विचारलं खरंच फुकट काय, त्या म्हनाल्या तू सुधारनार नायस. तीस दिवसांच्या आत रिपोर्ट दुरुस्त झाला. माझ्या नावाखालचं ते कर्ज निघालं, बारकीच्या नावाला लागलं आनि तिथं लिहिलं, फेडून बंद. कंपनीचं माफीचं पत्र आलं, इंग्रजीत, सावंतबाईंनी वाचून दाखवलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होती, खरं वाचत होत्या. फोन बंद झाले. पन सकाळी साडेसहाला खिशात काय थरथरल्यासारखं मला अजून होतं.

इंजिन आलं? बँकेनं कर्ज दिलं तसं आलं, पन दुकानदारानं पैलं दुसऱ्याला दिलं होतं, आम्हाला महिनाभर उशिरा मिळालं. तो महिना जुजे खलाशी म्हनून गेला. त्याबद्दल मी त्याला विचारत नाय. आता बोट चालते, फादर येऊन पानी शिंपडून गेले, देवाची कृपा. सोसायटीत आता पाकिटं दोन हाय, मी स्वतः डोळ्यासमोर करून घेतली, एकावर माझा फोटो चिकटवला, दुसऱ्यावर तिचा. महिन्यातून एकदा जाऊन बघून येते. कारकून मला बघितलं की न सांगताच कपाट उघडतो.

एक मात्र नाय झालं दुरुस्त. दुमिंग. त्यानं माझं ऐकलं होतं, दोन्ही वेळचं, आनि पैल्यांदा ऐकलेलं त्याच्या डोक्यातून जात नाय. वाईट मानूस नाय तो, पन बारकीची बोली लागली की अजून त्याचं पेन वहीवर जरा थांबतं. तेवढं थांबलेलं मला दिसतं, तिला पन दिसतं. परवा मोठी बोली होती, घोळ मासा, महागाचा. बारकीला लागला. दुमिंग म्हनाला, बाय, हा जरा... मी बाजूला उभी होती. मी म्हनाली, लिही ना रे, फिलोमिना कोळी. तो म्हनाला कोनची लिहू, मोठी का बारकी? मी म्हनाली कोनची पन लिही. संध्याकाळी दोघींपैकी जी समोर दिसेल तिच्याकडून घे.

त्यानं लिहिलं. बारकीनं घोळ उचलला नि गेली, धन्यवाद नाय नि काय नाय. देव तिचं भलं करो. संध्याकाळी मी तिच्या दारावरून गेली, विचारलं, दुमिंगचे दिलेस काय? ती म्हनाली दिले. मी म्हनाली बरं. आनि मग जाऊन दुमिंगला विचारून आली.